पिकअपची गिअरपेटी: जुनी भरायची, दुसरी बसवायची का गाडीच विकायची?



इथं एरवी करपा, नागअळी, ठिबकची नळी आणि बाजारभाव असलं लिहीत असतो. आज गाडीचं लिहितो. गाडी हे पण शेतीचंच अवजार आहे. टोमॅटो तोडून बांधावर ठेवला म्हणजे पैसे झाले असं नसतं, तो मार्केटला पोचला पाहिजे. आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांकडं वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या पिकअप अजून चालू आहेत. त्यांच्या गिअरपेट्या एकामागून एक दमायला लागल्यात. या महिन्यात तिघांनी फोन करून तेच विचारलं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

माझी गाडी १९९४ ची, महिंद्राची, जीपच्या तोंडाची पिकअप. मागच्या दोन चाकांना ओढ, पुढं ओढ नाही. डी आय इंजिन. हे इंजिन म्हणजे आपल्या ओळखीचंच माणूस आहे. जुनी मंडळी इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर विसरली नसतील. १९६३ ला महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचा तो ट्रॅक्टर. त्याच इंजिनाच्या घराण्यातलं इंजिन महिंद्रानं पुढं जीपमध्ये घातलं. नंतर बोलेरोत आलेलं २५२३ सीसीचं इंजिनही त्याच वाणाचं, साडेतीन इंची बोअर आणि चार इंची स्ट्रोक. लांब स्ट्रोकचं इंजिन पळायला आळशी, ओढायला बैल. हे आधी सांगायचं कारण असं, की गिअरपेटी निवडताना पहिलं इंजिनाचा स्वभाव बघायचा असतो. पेटी ही इंजिन आणि चाक यांच्यातली मध्यस्थ आहे. मध्यस्थाला दोन्हीकडची माणसं माहीत पाहिजेत.

मूळ पेटी चार गिअरची, के एम टी ९० म्हणतात ती. तीस वर्षांत एकदा बेअरिंग आणि एकदा क्लच शाफ्ट बदललेला. दोन सालांपासून दुसरा गिअर सुटायला लागला. चढाला नाही, उताराला. पाय रेसवरून काढला आणि गाडी इंजिनावर धरली, की दांडा हातात टकदिशी न्यूट्रलला यायचा. सपाटीला कुणाला कळायचं पण नाही. पण आम्ही राहतो ओतूरच्या अलीकडं. नारायणगावचा बाजार पंचवीस-एक किलोमीटर, तिथं काही अडत नाही. मात्र भाव पडला की मी माल घेऊन माळशेज उतरतो आणि कल्याणला जातो. क्रेट वीस किलोचं, पन्नास क्रेट भरले की एक टन. पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेनं गेलं की घाट सुरू. पावसाळ्यात धुकं असं, की पुढच्या टेम्पोचा लाल दिवा दिसेल तेवढाच रस्ता. तिथं एक टन माल पाठीवर घेऊन गिअर सुटला तर गाडी एकट्या ब्रेकवर येते. जुने ड्रम ब्रेक, दोन वळणं सलग दाबले की तापतात, तापले की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन साल मी एका हातानं दांडा दाबून धरून घाट उतरत होतो. घरच्यांना ते माहीत नव्हतं. जूनमध्ये पोरगा शेजारी बसला होता, त्यानं बघितलं. घरी आल्यावर जेवायच्या आधीच आईला सांगितलं.

मग घरात तीन मतं झाली. पोरगा म्हणाला, "अप्पा, विका ही आणि नवीन घेऊ. हप्त्यावर मिळतीय." नवीन पिकअप रस्त्यावर येईस्तोवर नऊ-दहा लाख. हप्ता दर महिन्याला येतो, टोमॅटोचा भाव दर महिन्याला येत नाही. गेल्या साली ऑगस्टमध्ये क्रेट कितीला गेलं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे, मी परत लिहीत नाही. बायको म्हणाली, कल्याण बंद करा, नारायणगावलाच द्या. ते ऐकायला सोपं आहे. पण ज्या दिवशी नारायणगावला आवक फुटते त्या दिवशी घाटाखालच्या बाजारात क्रेटमागं जो फरक सुटतो, त्याच्यावर आमच्या घरात दोन लग्नं झाली. तिसरं मत मिस्त्रीचं. तो म्हणाला, "नाना, गाडीला काय झालंय? पेटीला झालंय. पेटीचं बोला."

तर पेटीचं बोलू.

गिअर सुटतो म्हणजे नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर मिस्त्री सांगेल तेवढं बिल द्यावं लागतं. आपण दांडा टाकतो तेव्हा दातेरी चाक सरकत नाही, चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. सरकते ती बांगडी, तिला स्लीव्ह म्हणतात. ती जाऊन चाकाच्या बाजूच्या बारीक दातांवर बसते आणि चाक शाफ्टला पक्कं होतं. बारीक दात झिजून तिरके झाले, की ताण उलटा आला म्हणजे बांगडी मागं ढकलली जाते. चढाला इंजिन चाकाला ओढतं, उताराला चाक इंजिनाला ओढतं, म्हणून उताराला सुटतो. पण कारण तेवढं एकच नसतं. बांगडीला जागेवर धरणारी गोळी आणि तिची स्प्रिंग मऊ झाली तरी सुटतो. फोर्क झिजला तरी सुटतो. मागच्या बेअरिंगला खेळ आला तरी सुटतो. आणि पेटीचे रबर माउंटिंग बसले तरी पेटी हलून सुटतो, यात खर्च सगळ्यात कमी. म्हणून पहिलं माउंटिंग बघा, मग गोळी-स्प्रिंग बघा. माझ्याकडं हे दोन्ही बदलून झालं होतं, फरक पडला नव्हता.

ऑइल सोडलं. ड्रेन नटाच्या लोहचुंबकाला काळी मळी लागलेली असते, ती चालते. तीस वर्षांच्या पेटीत तेवढी निघणारच. पण मळीत चमचमणारे तुकडे निघाले, नखावर घेतले तर टोचतील असे. मिस्त्रीनं वरचं कव्हर काढलं आणि टॉर्च मारली. खालच्या काउंटर शाफ्टच्या दुसऱ्या गिअरचे दात किनाऱ्याला उडालेले, तोंडावर देवीच्या व्रणासारखे खड्डे. म्हणजे बांगडी आणि पितळी रिंगा बदलून भागणार नव्हतं, आतलं निम्मं सामान बदलायला लागणार होतं.

पहिला विचार तीच पेटी भरायचा. नारायणगाव आणि पुण्यात सामान चौकशीला टाकलं. सामान मिळतं, नाही असं नाही. पण मिळतं ते कुणी बनवलेलं याचा पत्ता नसतो. एका दुकानात काउंटर शाफ्ट दाखवला, चकाचक, कागदात गुंडाळलेला. मी खिशात कानस घेऊन गेलो होतो. हे मला माझ्या वडिलांनी नांगराचा फाळ घेताना शिकवलं होतं. चांगलं पाणी दिलेल्या पोलादावर कानस घासली की ती काचेवरून घसरल्यासारखी घसरते. धरून चावली आणि चुरा पडला, तर वरचा थर मऊ आहे. दुकानदाराला विचारून दाताच्या कडेला, जिथं दुसरं चाक लागत नाही तिथं, हलकी फिरवली. चावली. दुकानदार म्हणाला, "सगळे हाच नेतात." नेत असतील. त्यांचं त्यांना. सगळा बनावट माल वाईटच असतो असं मी म्हणत नाही, दुसऱ्या दुकानात कानस घसरली असा पण शाफ्ट मिळाला. पण तो, बांगड्या, रिंगा, चारही बेअरिंग आणि मजुरी धरून आकडा सव्वीस हजारावर गेला, आणि दुसऱ्या गिअरचं वरचं चाक जुनंच राहणार होतं. जुन्या चाकावर नवा दात म्हणजे जुन्या जोत्याला नवा बैल. एक दुसऱ्याला खातो.

दुसरा रस्ता भंगारातून तीच चार गिअरची पेटी उचलायची. पंधरा हजारात मिळते. पण ती पण माझ्याइतकीच जुनी. दुसऱ्याच्या घाटात झिजलेली पेटी माझ्या घाटात आणायची, मला पटलं नाही.

तिसरा, बोलेरो आणि नव्या पिकअपला येणारी पाच गिअरची पेटी, एन जी टी नावाची. पोरगा याच्यावर खूश. मिस्त्री पहिल्यांदा नाखूश, कारण काम वाढतं. मी दोन आठवडे दोघांचं ऐकलं आणि कागद-पेन घेऊन बसलो.

पाचवा गिअर म्हणजे काय मिळतं ते बघा. चार गिअरच्या पेटीत चौथा सरळ असतो, इंजिनाचा एक फेरा तर मागच्या शाफ्टचा एक फेरा. पाचव्यात इंजिनाच्या एका फेऱ्यापेक्षा मागचा शाफ्ट जास्त फिरतो, म्हणजे तेवढ्याच स्पीडला इंजिन निवांत. माझं क्राऊन-पिनियन आठ-एकोणचाळीस आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे ४.८८ फेरे. भरल्या गाडीचं चाक एका फेऱ्यात किती जातं ते अंगणात खडूनं खूण करून टेपनं मोजलं, २.२ मीटर भरलं. ताशी साठ म्हणजे मिनिटाला हजार मीटर, म्हणजे चाकाचे ४५४ फेरे. गुणिले ४.८८, इंजिन २२१५ च्या आसपास. पाचव्यात तेच इंजिन १८२५ वर येतं. चौथ्यात सत्तरला २५८५ होतात, पाचव्यात २१३०. आमच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातल्या इंजिनाला दोन हजाराच्या अल्याडपल्याडच आनंद वाटतो, त्याच्या वर ते ओरडतं आणि सीटखालचे पत्रे त्याच्या सुरात सूर लावतात. आळेफाट्याच्या रस्त्याला किंवा घाट उतरल्यावर मुरबाडच्या सपाटीला पाचवा खरंच कामाचा.

पण आपण शेतकरी. आपल्याला पाचव्यापेक्षा पहिला महत्त्वाचा. ओढ्यातून वर यायचं, चिखलात हळू सरकायचं, बांधावरून क्रेट भरत भरत माणसाच्या चालीनं जायचं, हे सगळं पहिल्यावर. इथं लोक बघत नाहीत, पाचवा आहे म्हटल्यावर भाळतात. पहिला गिअर मोजायची युक्ती सोपी आहे. पेटी खाली असताना पहिल्यात टाका, मागच्या शाफ्टवर खडूची रेघ मारा, पुढचा क्लच शाफ्ट हातानं फिरवा आणि मागची रेघ एक पूर्ण फेरा घेईपर्यंत किती वेळा फिरला ते मोजा. माझ्या जुन्या पेटीचे जवळपास चार भरले. पाच गिअरवालीचे पावणेचार. म्हणजे पहिला थोडा उंच. इंजिन साडेसातशेवर मंद सोडलं, तर जुन्या पेटीत गाडी ताशी ५.१ किलोमीटर चालते, नव्यात ५.४. चालत्या माणसाला फरक कळणार नाही, पण ओल्या चढाला क्लचला थोडा कळतो. हा फरक मी मान्य करून पुढं गेलो. याच्यापेक्षा जास्त फरक असता तर घेतली नसती, पोरगा काहीही म्हणो.

पाचवा मोजायला उलटं करायचं: मागच्या शाफ्टचे दहा फेरे होईस्तोवर पुढचे मोजा. माझे सव्वाआठ झाले. वरचा हिशेब त्याच्यावरूनच आहे.

अजून एक गोष्ट, पेटी किती ओझं सोसते. नुसते गिअर जास्त म्हणजे पेटी चांगली असं नसतं. याचं एक उदाहरण आपल्या जीपच्या सख्ख्या चुलत घरातलं आहे. अमेरिकेत १९८७ पासून जीपच्या रँग्लर आणि चेरोकीला प्यूजोची बी ए १० नावाची पाच गिअरची पेटी घातली होती. ॲल्युमिनियमचं कवच, तेही उभं दोन फाकांत. तिथल्या लोकांनी ती पेटी फार शिव्या देऊन चालवली, आणि १९८९ मध्ये कंपनीनं ती काढून जपानी आयसिन कंपनीची ए एक्स १५ घातली. पाच गिअर दोन्हीत. आज तिकडं जुनी जीप बाळगणारे पहिलीतून दुसरीवर जायला पैसे मोजतात. बी ए १० आपल्याकडंही काही गाड्यांत आलेली आहे, म्हणून भंगारात पाच गिअर बघून लगेच उचलू नका, कवचावरचं नाव वाचा. आपण पिकअपला घेतोय, तर पिकअपमध्ये टनाचा माल ओढलेली पेटी घ्या.

आणि माझ्यासाठी शेवटचा शब्द होता सामानाचा. बोलेरो गावोगाव आहे. तिच्या पेटीचं बेअरिंग, रिंग, सील ओतूरलाही मिळतं आणि कल्याणलाही. रात्री नऊला मुरबाडला काही तुटलं, तर सकाळी सामान मिळतं. माल नाशवंत आहे, त्याला मिस्त्रीच्या पार्सलची वाट बघता येत नाही.

कुर्ल्याला गेलो. मेहुणे कल्याणला असतात, ते बरोबर आले. तिथं गल्लीच्या गल्ली पेट्या, इंजिनं, ॲक्सल. दुकानदार गोड बोलतो, चहा पाजतो, आणि पेटी "कालच उतरवली" म्हणतो. कालची असेल तर ऑइल असेल. मी सगळ्यांना एकच म्हणलो, ड्रेन नट उघडा. पहिल्या दुकानात ऑइल ताकासारखं पांढुरकं निघालं, म्हणजे आत पाणी गेलेलं. मुंबईचा पाऊस आहे, बुडालेल्या गाड्या असतात. बेअरिंगला गंज लागलेला असणार. दुसरीकडं ऑइलच नव्हतं आणि कवचाच्या कानाला वेल्डिंग होतं, वरून काळा रंग मारलेला. रंग ताजा दिसला की नखानं खरवडून बघा. तिसऱ्या दुकानात एक दोन चाकी ओढीच्या पिकअपची पेटी होती. ऑइल मधाच्या रंगाचं, जळका वास नाही. क्लच शाफ्ट वर-खाली हलवला, खेळ थोडा, जो असतोच. शाफ्टवरच्या खाचांना पायरी पडलेली नव्हती. दात कव्हर उघडून बघितले. पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून हातानं फिरवले. मग भाव. अठ्ठावीस म्हणाला, तेवीसला दिली, बेल हाऊसिंग आणि गिअरच्या दांड्यासकट. बिल घेतलं, त्यावर पेटीचा नंबर लिहून घेतला. हे विसरू नका. आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, पेटीचा नसतो, त्यामुळं आरटीओत पेटीचं कुणी विचारत नाही. पण चोरीच्या गाडीचं सामान आपल्या गाडीखाली सापडलं तर बिल हाच एक आधार.

आता बसवण्याचं. इथं माणसं फसतात, कारण पेटीचा भाव ऐकून येतात आणि बाकीचं मोजत नाहीत.

बेल हाऊसिंग म्हणजे इंजिन आणि पेटी यांच्यामधली घंटा. ती इंजिनाप्रमाणं असते. ज्यांच्या जीपमध्ये प्यूजो इंजिन आहे त्यांनी डी आयवरून काढलेली पेटी-घंटा आहे तशी बसेल असं धरून चालू नका, बोल्टाची भोकं आधी जुळवून बघा. माझं डी आय, घंटा डी आयची, तरीसुद्धा मिस्त्रीनं डायल गेज लावून घंटेचं मधलं भोक क्रँकशी एका रेषेत आहे का ते बघितलं. हे काम बरेच जण टाळतात. रेषा चुकली तर नवी पेटी पण वर्षात गिअर सोडायला लागते आणि माणूस पेटीला दोष देतो.

क्लच प्लेट पेटीच्या खाचांना बसणारी पाहिजे, आणि तिचा व्यास आपल्या प्रेशर प्लेटला. दोन्ही नवीनच घेतलं, पेटी खाली असताना क्लच न बदलणं म्हणजे विहिरीतली मोटर वर काढून सील न बदलता परत सोडणं. फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग क्लच शाफ्टच्या टोकाच्या मापाचं बसवलं. रिलीज बेअरिंग बदललं. मागचा आडवा सपोर्ट पेटीच्या नव्या लांबीप्रमाणं सरकवून नवीन भोकं पाडली. चासीच्या उभ्या पट्टीत मधोमध भोकं पाडली, वरच्या-खालच्या पाकळीला पाडली नाहीत, कारण ताण तिथं असतो. आणि चासीला वेल्डिंग करू दिलं नाही.

प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली. लेथवाल्यानं कापून जोडला. त्याला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, दोन्ही टोकांच्या क्रॉसच्या दुबेळक्या एका रेषेत ठेव, आणि जोडल्यावर बॅलन्स करून दे. पहिली चुकली तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात झटके देतो. पेटीचा मागचा तोंडवळा आणि हाऊसिंगचा पिनियन यांचा कोन सारखा राहावा म्हणून सपोर्टखाली एक पट्टी द्यावी लागली. जुन्या जीपच्या काही मॉडेलला हँडब्रेकचा ड्रम पेटीच्या मागं शाफ्टवर असतो. तुमची तशी असेल तर नव्या पेटीबरोबर हँडब्रेक कुठं जाणार ते आधी ठरवा, नाहीतर सगळं बसवून झाल्यावर पासिंगला अडकाल. ज्यांना पुढच्या चाकाची ओढ आहे त्यांचा ट्रान्सफर केसचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, त्यात मी पडलेलो नाही म्हणून बोलत नाही.

दांडा चार बोटं मागं आला. फरशी कापली, जुन्या भोकाला पत्रा ठोकला. स्पीडोमीटरची केबल जुळवली. काटा आता थोडा पुढं दाखवतो, मोबाइलवर ताडून बघितलाय.

ऑइलबद्दल दोन शब्द, कारण इथं दर दुसरा माणूस चुकतो. दुकानात "नव्वद नंबर द्या" म्हणलं की जे हातात येईल ते देतात. डब्यावर जी एल ४ आणि जी एल ५ असं लिहिलेलं असतं. जी एल ५ हे मागच्या हाऊसिंगच्या क्राऊन-पिनियनसाठी, त्यातली औषधं जोरदार. पेटीत पितळी रिंगा असतात, त्यांना सहसा जी एल ४ चांगलं. जास्तीचं तणनाशक मारलं म्हणजे जास्त फायदा होत नाही, तसंच हे. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा आणि डबा हातात घेऊन वाचा.

एकूण खर्च पेटी तेवीस, क्लच सेट आणि बेअरिंगं सात, शाफ्ट आणि लेथ साडेतीन, मजुरी आठ, ऑइल आणि किरकोळ दीड. त्रेचाळीस हजार. जुनी भरली असती तर क्लच धरून तेहेतीस-चौतीस झाले असते. नऊ हजार जास्त गेले. सगळा खर्च मिळून नवीन पिकअपचे साधारण तीन हप्ते.

चार दिवस गाडी बंद होती, त्यात एक तोडणी आली. शेजाऱ्याचा टेम्पो भाड्यानं केला.

पहिली खेप नारायणगावची केली, रिकाम्या हातानं काही सांगत नाही. नंतर गेल्या मंगळवारी पन्नास क्रेट भरून माळशेज उतरलो. पोरगा शेजारी. बोगद्याच्या अलीकडं दुसऱ्यात टाकली आणि पाय रेसवरून काढला. इंजिननं गाडी धरली, दांडा जागेवर. मी दांड्यावरचा हात काढून स्टिअरिंगवर घेतला. पोरगा काही बोलला नाही, मोबाइल बघत बसला होता असं दाखवत होता. खाली उतरून ब्रेकच्या ड्रमला हात लावला, कोमट होता. आधी त्याच्यावर पाणी टाकलं की वाफ निघायची.

ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या पण सांगतो. भरल्या गाडीला पाचवा फक्त सपाटीला, जरा चढ आला की चौथ्यात यावंच लागतं, इंजिन साठ-सत्तरच्या दशकातल्या ट्रॅक्टरचं आहे हे विसरून चालत नाही. पाचव्यात रेटत राहिलात तर इंजिन घरघरतं आणि धूर काळा येतो, डिझेल वाचायच्या ऐवजी जास्त जातं. आमच्या वरच्या शेतातल्या ओढ्यातून येताना पहिला आता जरा घाईचा वाटतो. गड्याला सांगून ठेवलंय, तिथून चाळीसच क्रेट आणायचे. डिझेलचं म्हणाल तर तीन टाक्यांचा हिशेब काढला, आधी लिटरला साडेदहा पडत होती, आता अकरा-सव्वाअकरा. पाचव्या गिअरनं डिझेल निम्मं होतं असं सांगणारे भेटतील, त्यांना मान हलवा.

पोरानं नवीन पिकअपचा विषय काढायचा बंद केलेला नाही, पण आता हंगाम संपल्यावर बघू म्हणतोय. पासिंग मार्चमध्ये आहे, त्याच्या आधी मागचे ब्रेक लायनर करायचेत.

जुनी चार गिअरची पेटी गोठ्यात कोनाड्याखाली ठेवलीय. कवच, वरचं कव्हर, रिव्हर्सचं चाक आणि क्लच शाफ्ट चांगले आहेत, बाकी भंगार. कुणाला त्यातलं काही लागलं तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. येताना कानस आणा, बघूनच न्या.